गोल छत्री ते झिरो-पी: स्कायडायव्हिंगमध्ये नेमकं काय बदललं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका नाशिककर तरुणाने नुकतंच स्कायडायव्हिंगचं ए, म्हणजे पहिल्या पायरीचं, लायसन्स घेतलंय. ड्रॉपझोनवरची, म्हणजे उड्या मारायच्या मैदानावरची, जुनी मंडळी त्याला ऐकवतात, ‘आता सगळं फार सोपं झालंय, आमच्या वेळी खरं स्कायडायव्हिंग होतं.’ त्यांच्यापैकीच एकाने १९९० च्या दशकातलं आपलं रिग, म्हणजे पाठीवर बांधायचा छत्र्यांचा सगळा संच, त्याला स्वस्तात देऊ केलंय. त्याने विचारलंय की खरंच सोपं झालंय का, आणि हे रिग घ्यावं का?

रिग घ्यावं की नाही हे काय बदललं त्यावरच ठरतं, म्हणून आधी पहिला प्रश्न घेतो, आणि थेट तुमच्याशीच, विचारणाऱ्याशी, बोलतो. मी कॅलिफोर्नियात रिगरचं, म्हणजे छत्र्या तपासायचं आणि दुरुस्त करायचं, काम करतो, शिकवतोही. जंप करायला लागलो तेव्हा १९९० चं दशक नुकतंच सुरू झालं होतं. त्यामुळे गोल छत्रीचा काळ मी शेपटाकडूनच पाहिला, पण त्या काळातल्या माणसांच्या हाताखाली शिकलो. सोपं झालं असं मी म्हणणार नाही. जीव वाचवणारा निर्णय कधी आणि कुठे घ्यायचा, ती जागा बदलली. पूर्वी तो छत्री उघडताना घ्यावा लागे. आज तो बराचसा जमिनीपासून शेवटच्या शंभर मीटरमध्ये घ्यावा लागतो, आणि त्याहीआधी रिग विकत घेताना.

विमानातून उडी मारून, काही वेळ तसंच पडून, मग स्वतःच्या हाताने रिपकॉर्ड, म्हणजे छत्री उघडणारी दोरी, ओढायची, हे लेस्ली अर्विनने २८ एप्रिल १९१९ रोजी ओहायोतल्या मकूक फील्डवर करून दाखवलं. तोवर मोकळं पडताना माणूस शुद्ध हरपतो, हात हलवू शकत नाही, असं मानणारे बरेच होते. खेळ म्हणून हे पसरलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. सैन्याच्या जादा झालेल्या छत्र्या कवडीमोलाने मिळत होत्या. २८ फुटी गोल छत्री पाठीवर, रिझर्व्ह, म्हणजे संकटकाळची दुसरी छत्री, पोटावर, पायात जाड तळव्याचे बूट. छत्रीच्या मागच्या बाजूचं कापड ठरावीक आकारात कापून टाकायचं, म्हणजे हवा मागून बाहेर पडते आणि छत्री थोडी पुढे सरकते. अशी कापलेली छत्रीही ताशी दहा-पंधरा किलोमीटरपेक्षा जास्त काही चालत नसे. वारा त्याहून जोरात असला की तुम्ही वारा नेईल तिकडे. जमिनीला पाय टेकायचे ते सेकंदाला साडेपाच-सहा मीटर वेगाने, म्हणून पाय जुळवून, अंग वळवून लोळण घ्यायचं शिक्षण आधी. घोटा मोडणं ही त्या खेळातली नेहमीची गोष्ट होती.

१९५९ मध्ये जाक-आंद्रे इस्टेलने मॅसॅच्युसेट्समधल्या ऑरेंज गावी अमेरिकेतलं पहिलं व्यावसायिक पॅराशूट केंद्र काढलं आणि साध्या नागरिकाला शिकून उडी मारता येऊ लागली. तरीही वातावरण फौजीच राहिलं. शिकवणारे बहुतेक माजी पॅराट्रूपर, भाषा हुकमाची. विद्यार्थ्याची छत्री विमानाला बांधलेल्या स्टॅटिक लाइनने उघडायची, पाच-सहा उड्यांनंतर नकली रिपकॉर्ड ओढून दाखवायची, ते जमलं की दोन-तीन सेकंदांचं फ्री फॉल, म्हणजे छत्री न उघडता पडणं. पूर्ण मिनिटभर पडायला मिळेपर्यंत महिने जात. या चाळणीतून जो उरे तो खरोखर चिवट असे. तुमच्या ड्रॉपझोनवरचे आजोबा ‘खरं स्कायडायव्हिंग’ म्हणतात ते बहुधा याला. त्यांची ऐट मला समजते. पण त्या चाळणीतून गळणाऱ्यांत नुसते भित्रे नव्हते, मेलेलेही होते, हे ते सांगायला विसरतात.

१९६४ साली पॅरा-कमांडर आली. गोलच, पण अंगभर फटी, त्यामुळे वळायला आणि पुढे जायला कितीतरी सरस. अचूक उतरण्याच्या स्पर्धांवर तिने पुढे अनेक वर्षं राज्य केलं. पण खरी उलथापालथ त्याच सुमारास वेगळ्याच माणसाने केली. फ्लोरिडातला डोमिना जॅल्बर्ट पतंग आणि बलून बनवणारा. त्याने कापडाचे कप्पे शेजारी-शेजारी शिवून पुढून उघडा, मागून बंद असा पंख तयार केला. पुढून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि नुसत्या कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. आज आपण सगळे ज्याखाली उतरतो ती चौकोनी छत्री हीच. ती पडत नाही, उडते. ब्रेक ओढून उतरताना तिचा वेग मारता येतो आणि उभ्याने, चालत जमिनीवर येता येतं.

अडचण एकच होती. ती उघडायची इतक्या झटक्यात की कापड फाटे, दोऱ्या तुटत, माणसाच्या मानेची वाट लागे. दोऱ्या आवळून धरायच्या नाना युक्त्या करून पाहिल्या गेल्या. शेवटी उत्तर निघालं ते हसू येईल इतकं साधं. कापडाचा एक चौकोनी तुकडा, चार कोपऱ्यांना चार धातूच्या कड्या, प्रत्येक कडीतून छत्रीच्या दोऱ्यांचा एकेक गट ओवलेला. छत्री उघडू लागली की वारा हा तुकडा वर दाबून धरतो, दोऱ्यांना एकदम फाकू देत नाही. वेग कमी होतो तसा तो सरकत खाली येतो. हाच स्लायडर. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तो रुळला आणि चौकोनी छत्री सामान्य जंपरच्या आवाक्यात आली. या खेळातला सगळ्यात मोठा शोध कोणता असं मला विचारलं, तर मी कॉम्प्युटर बसवलेल्या कुठल्याही उपकरणाआधी या फडक्याचं नाव घेईन.

पण चौकोनी छत्रीने एक जुनी सवय जीवघेणी करून ठेवली. गोल छत्री बिघडली, समजा एखादी दोरी वरून गेली आणि छत्रीचे दोन फुगे झाले, तरी ती कशीबशी खाली आणायची. जंपर तिला न सोडता पोटावरचं रिझर्व्ह हाताने बाहेर काढून फिरण्याच्या दिशेने फेकायचा आणि दोन्हींखाली उतरायचा. शिकवलंही तसंच जायचं. बिघडलेली चौकोनी छत्री असं करू देत नाही. ती गरगर फिरते, दर फेऱ्याला वेग घेते, आणि तिच्यात रिझर्व्ह फेकलं तर ते तिच्याभोवती गुंडाळलं जातं. म्हणजे आधी मेन (मुख्य छत्री) सोडायची, मग रिझर्व्ह. सोडायची कशी? दोन्ही खांद्यांवर कॅपवेल नावाची फौजी खटकी असे. तिचं झाकण खाली पाडायचं, आतल्या तारेच्या कडीत अंगठा अडकवायचा आणि ओढायचं. दोन्हीकडे एकाच वेळी. फिरताना अंगावर ताण, हातात मोजे, एक बाजू सुटली आणि दुसरी नाही, तर पुढचं सांगायला नको.

बिल बूथ या फ्लोरिडातल्या रिग बनवणाऱ्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर तीन कड्यांची रचना आणली. तुमच्याच रिगच्या खांद्याकडे नीट बघा. हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना, मोठी कडी, तिच्यातून ओवलेली मधली, मधलीतून लहान, आणि लहानीला अडवून धरणारा दोरीचा एक छोटा फास. फासातून एक पिवळी, प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली केबल जाते. प्रत्येक कडी तरफेसारखी ताण कमी करत नेते, त्यामुळे खाली अख्खा माणूस लटकत असताना त्या फासावर अगदी थोडं ओझं पडतं. उजवीकडचं एक हँडल ओढलं की दोन्ही केबल निघतात, दोन्ही खांदे एकदम मोकळे होतात. पायलट शूट, म्हणजे मेनला ओढून बाहेर काढणारी छोटी छत्री, हाताने वाऱ्यात सोडून मेन उघडायची पद्धतही त्याचीच. आज बहुतेकांच्या कंटेनरच्या, म्हणजे छत्र्या भरलेल्या पाठीवरच्या पिशवीच्या, तळाशी तीच असते.

यंत्र म्हणून हे सुंदर आहेच, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्याने माणसाचं डोकं बदललं. पूर्वी मेन सोडणं म्हणजे शेवटचा जुगार होता. साहजिकच माणूस बिघडलेल्या छत्रीशी झटत बसायचा, आणि उंची संपायची. आज तुम्हाला पहिल्याच दिवशी घोकून घेतलं जातं: लाल (मेन सोडायच्या) हँडलकडे बघा, धरा, चंदेरी (रिझर्व्हचं) बघा, लाल ओढा, चंदेरी ओढा. २,५०० फुटांपर्यंत निर्णय, त्याखाली घोळ घालायचा नाही. नंतर रिझर्व्हही चौकोनी झाली, पाठीवरच मेनच्या वर गेली. सोडलेली मेन स्वतःच रिझर्व्ह खेचून बाहेर काढेल अशी जोडणीही पुढे बूथनेच आणली, तिला स्कायहुक म्हणतात. तुमच्या पिढीतल्या माणसाने मेन सोडली की संध्याकाळी तो सगळ्यांना बिअर पाजतो आणि दुसऱ्या दिवशी परत जंप करतो. हा निवांतपणा त्या तीन कड्यांचा आहे.

एएडीची गोष्ट मी डोळ्यांदेखत पाहिली. ठरलेल्या उंचीवर माणूस अजून वेगाने पडतच असेल, तर आपोआप रिझर्व्ह उघडणारं यंत्र. कल्पना जुनीच. सोव्हिएत केएपी-३ होतं घड्याळाच्या चाकांचं, अमेरिकेत सेंटिनेल आणि एफएक्ससी होती. पण त्यांची उंची नेमकी लागत नसे, आणि मेन उघडत असतानाच ती सुटली तर दोन छत्र्या एकदम बाहेर. म्हणून एएडी विद्यार्थ्यांनी वापरायचं. अनुभवी माणसाने लावलं तर ‘स्वतःवर भरवसा नाही वाटतं?’ असा टोमणा. त्या टोमण्यात मर्दुमकी होती तशी थोडी अक्कलही होती, कारण यंत्र खरंच भरवशाचं नव्हतं.

१९९१ मध्ये जर्मनीत हेल्मुट क्लोथने सायप्रेस आणलं. आत छोटा प्रोसेसर, हवेच्या दाबावरून उंची आणि वेग सतत मोजणारा. जमिनीपासून सुमारे २२५ मीटरवर तुम्ही सेकंदाला ३५ मीटरपेक्षा वेगाने पडत असाल तर ते रिझर्व्ह बंद ठेवणारा फास कापतं, एरवी गप्प राहतं. फासातली पिन ओढण्याऐवजी फासच कापायचा ही त्यातली खरी हुशारी. पाहता पाहता टोमणा उलटा फिरला. १९९० च्या सुरुवातीला एएडी लावणाऱ्याला प्रश्न विचारले जायचे, दशक संपताना न लावणाऱ्याला. आज कित्येक ड्रॉपझोन एएडीशिवाय विमानात बसू देत नाहीत. फॉर्मेशनमध्ये, म्हणजे हवेत गटाने, बरोबर उडणारेही एएडी आहे का ते विचारतात, आणि विचारावंच.

एवढं सगळं झाल्यावर आकडे खाली यायला हवे होते, तसे ते आलेही. अमेरिकेतल्या यूएसपीए या स्कायडायव्हिंग संघटनेच्या नोंदीत १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी चाळिसाच्या वर मृत्यू आहेत. २०२४ मध्ये ९, आणि तेही ३८ लाखांहून जास्त उड्यांमागे. पण मधली वर्षं पाहिलीत तर दिसेल की घट सरळ रेषेत झालेली नाही. बूथचंच एक निरीक्षण आमच्याकडे नियमासारखं सांगितलं जातं: उपकरण जितकं सुरक्षित कराल तितका जंपर जास्त धोका पत्करेल आणि हिशेब बरोबरीत आणून ठेवेल. १९९० च्या दशकात नेमकं तेच झालं. कापड बदललं. जुन्या एफ-१११ कापडातून थोडी हवा झिरपायची आणि छत्री वापरून जुनी झाली की अधिकच. नव्या झिरो-पी कापडातून हवा जाईना, त्यामुळे छत्र्या लहान करता आल्या, लंबगोल करता आल्या. तीनशे चौरस फुटांच्या छत्रीखाली उतरणारी माणसं दीडशेवर आली, मग शंभरावर. स्पर्धेतले पायलट आज सत्तर-ऐंशी चौरस फुटांची छत्री उडवतात आणि जमिनीलगत ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग घेतात.

इथे निर्णयाची जागा सरकली. छोटी छत्री वळवली की ती नाक खाली करून डाइव्ह मारते आणि सरळ व्हायला उंची मागते. ती उंची उरलेली नसेल तर पूर्ण उघडलेल्या, धडधाकट छत्रीखाली माणूस जमिनीवर आपटतो. एएडी काही करू शकत नाही, तीन कड्या काही करू शकत नाहीत. गोल छत्रीखाली वाईटात वाईट वळण घेतलं तरी तुम्ही तिच्याच वेगाने खाली यायचात. आता फार मोठा वाटा छत्री उघडल्यानंतरच्या चुकांचा आहे: जमिनीजवळ घेतलेलं वळण, अडथळा चुकवताना घाबरून ओढलेला एकच ब्रेक, उतरण्याच्या रांगेत झालेली टक्कर. म्हणूनच ए नंतरच्या बी लायसन्सला आता कॅनपी कोर्स, म्हणजे उघडलेली छत्री चालवायचा कोर्स, लागतो. जुन्या मंडळींना हा कोर्स म्हणजे पैसे काढायचा धंदा वाटतो. माझ्या मते तुमच्या फीमधली सगळ्यात सत्कारणी लागणारी रक्कम तीच.

नव्या छत्र्यांचा आणखी एक परिणाम कमी बोलला जातो. त्या मऊ उघडाव्यात म्हणून सावकाश उघडतात, म्हणजे उंची जास्त खातात. पूर्वी दोन हजार फुटांवर ओढणं अनुभवी माणसाला मान्य होतं, त्याहून खाली ओढून मिरवणारेही होते. त्याच सवयीने आजची छत्री उघडली तर ती अर्धवट फुगलेली असतानाच एएडी सुटू शकतं. २०१३ मध्ये यूएसपीएने सी आणि डी या वरच्या लायसन्सवाल्यांची छत्री उघडायची किमान मर्यादा २,००० वरून २,५०० फुटांवर नेली त्यामागे हेच होतं. खूप कुरबुर झाली होती तेव्हा.

संस्कृतीबद्दल विचारलंत, तर ती विमानाने आणि पैशाने बदलली. १९८४ मध्ये टँडम आलं, सुरुवातीला खास सवलतीखाली, आणि २००१ च्या नियमांत रीतसर बसलं. कुठलंही शिक्षण न घेता आलेला पाहुणा शिक्षकाच्या पोटाशी बांधून १३,००० फुटांवरून उडी मारू लागला. त्याच्या पैशावर ड्रॉपझोनला टर्बाइन विमानं परवडली. सेसना १८२ मध्ये चौघं कोंबून अर्धा तास वर चढण्याऐवजी ट्विन ऑटरमध्ये वीसजण पंधरा मिनिटांत वर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच एएफएफ आलं होतं, दोन शिक्षक धरून पहिल्याच दिवशी पूर्ण फ्री फॉल. शनिवार-रविवारचा क्लब होता त्याचा व्यवसाय झाला. पॅकिंग पैसे देऊन करून घेता येतं, त्यामुळे शंभर जंप झालेला पण स्वतःची मेन घडी घालता न येणारा माणूस माझ्याकडे येतो. मला हे अजिबात आवडत नाही. पॅकिंग शिका, दोऱ्या कुठे झिजतात ते पॅक करणाऱ्या हातालाच कळतं.

मग व्हर्टिकल विंड टनेल, म्हणजे खालून जोराचा वारा सोडलेली उभी नळी, जिच्यात विमानाशिवाय पडायचा सराव होतो. टनेलमधून तयार झालेली मुलं हवेत अशी उडतात की मी तोंडात बोट घालून बघतो. डोक्यावर, बसून, एकमेकांभोवती. १९९० च्या दशकात ओलाव झिप्सरसारख्यांनी असं उडणं, म्हणजे फ्रीफ्लाय, सुरू केलं, तेव्हा हे शिकायला वर्षं लागत. पण टनेलमध्ये छत्री नसते. शंभर तास टनेल आणि तीस जंप असा माणूस फ्री फॉलमध्ये उस्ताद आणि कॅनपीखाली नवशिका असतो, आणि त्याला स्वतःला तसं वाटत नाही. फ्रीफ्लायने रिगही बदलायला लावलं. पोटावर पडताना ताशी १९० किलोमीटर, डोक्यावर त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा वेल्क्रोची झाकणं वाऱ्याने उघडू लागली, मांडीवरच्या खिशातलं पायलट शूट आपोआप निसटू लागलं. त्या वेगात मेन अवेळी उघडली तर कापड आणि शरीर दोन्ही जातं. विंगसूटचा, म्हणजे हातापायांत पंख शिवलेल्या पोशाखाचा, आजचा अवतार उभा करणारा पात्रिक द गायार्दों १९९८ मध्ये हवाईत गेला, तो स्वतःच्या कंटेनरमध्ये केलेल्या फेरबदलातल्या चुकीमुळे. रिगर लोक हे नाव विसरत नाहीत.

आपल्याकडचं म्हणाल तर भारतात हा खेळ मुख्यतः फौजेच्याच हातात वाढला. आग्र्याची प्रशिक्षण शाळा, १९८७ पासूनची वायुसेनेची आकाश गंगा टीम. नागरिकाला नियमित जंप करायला जागा नसल्यात जमा होती. पुण्याच्या शीतल महाजनांनी आयुष्यातली पहिली उडी २००४ साली थेट उत्तर ध्रुवावर मारली, आणि २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली. अमेरिकेतले माझे सोबती नऊवारीचा व्हिडिओ पाहून पहिला प्रश्न विचारतात की हँडल कुठे आहेत. बरोबरच आहे, कापड हँडलवर येता कामा नये, हीच त्यातली खरी कारागिरी.

आता तुमचं रिग. तुम्ही वजन ७९ किलो लिहिलंय. रिग, हेल्मेट, बूट धरून ९० किलो म्हणजे साधारण २०० पौंड होतात. विकणाऱ्याची मेन १५० चौरस फुटांची, लंबगोल, झिरो-पी. दर चौरस फुटाला १.३ पौंडांच्या वर भार. पंचवीस जंपच्या माणसासाठी ही छत्री नाही, फुकट मिळाली तरी नाही. तुम्हाला १९० ते २१० हवी, बिनलंबगोल. ते आजोबा ती छत्री सुखरूप उतरवत असतील, त्यांचे हजारो जंप झालेत.

उरलेला कंटेनर आणि रिझर्व्ह. पैसे द्यायच्या आधी ते विकणाऱ्याच्या ओळखीच्या नव्हे, तुम्ही निवडलेल्या रिगरकडे न्या. आत पहिल्या पिढीचं सायप्रेस असेल तर त्याचं आयुष्य केव्हाच संपलंय, नव्या एएडीची किंमत त्या ‘स्वस्त’ भावात मिळवून बघा. पायलट शूटचा खिसा मांडीवर आहे की कंटेनरच्या तळाशी? रायझरची, म्हणजे हार्नेस छत्रीच्या दोऱ्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांची, झाकणं वेल्क्रोची आहेत का? रायझरमध्ये पिवळ्या केबलसाठी कडक नळ्या आहेत का? नसतील तर मेन पीळ घेत फिरू लागली की केबल आवळली जाऊ शकते. रिझर्व्हच्या लेबलवर किती रिपॅकच्या, म्हणजे पुन्हा घडी घातल्याच्या, खुणा आहेत ते मोजा. काही कंपन्या चाळीस रिपॅकनंतर ती तपासणीसाठी कारखान्यात परत मागतात. आणि हार्नेस तुमच्या मापाचा आहे का. सैल हार्नेसमध्ये छत्री उघडली की हँडल जिथे हात जातो तिथे नसतात. बरेच रिगर वीस वर्षांपुढचं रिग हातातच घेत नाहीत. मी घेतो, पण दहापैकी बहुतेक वेळा माझं उत्तर असतं की कंटेनर भिंतीवर टांगा आणि सीझनभर ड्रॉपझोनचं भाड्याचं रिग वापरा. तुमचंही तेच करा. सी लायसन्सच्या आसपास आलात की परत लिहा, तेव्हा मापासकट बोलू.